पास केलेली माती

शालनचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. शालन ही माझ्या बायकोची, मालनची, धाकटी बहीण. "दाजी, हे गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मग फोनवर बराच वेळ कुणीतरी खुर्च्या सरकवत असल्याचा आवाज येत राहिला. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. मालन दारात येऊन उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण हे लिहायचंच तर तिथूनच सुरुवात केली पाहिजे. अनंतराव गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी आलं ते हे, की आता ते कधी विचारणार नाहीत.

आदल्याच आठवड्यात मी त्यांना भेटून आलो होतो. संत तुकाराम नगरमधल्या त्यांच्या घरात, खिडकीजवळच्या खाटेवर ते उशाला दोन लोड घेऊन बसले होते. छातीचं दुखणं जुनं होतं, पण या खेपेला आवाज फार खाली गेला होता. मालन आणि शालन आत स्वयंपाकघरात बोलत होत्या. मी काहीतरी इकडचं तिकडचं सांगत होतो, औषधांचं, रस्त्याचं, चाकणच्या चौकातल्या गर्दीचं. त्यांनी मध्येच विचारलं, "तिकडं पावसानं ओढ दिली का?" मी म्हणालो, सुरुवातीला बरा झाला, मग तीन-एक आठवडे नाही. त्यांनी डोळे मिटले. "मग यंदा लई येणार," म्हणाले. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसलो. उत्तरही तयार ठेवलं होतं, नेहमीचंच. पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. शालनने चहा आणला. तो पिऊन आम्ही निघालो.

जे येणार होतं त्याचं नाव टारफुला. शेतकरी वाचकांना सांगायला नको, पण वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणारे बरेचजण माझ्यासारखे सोसायटीत राहणारे असतील, म्हणून सांगतो. ज्वारीच्या बुडख्याशी उगवणारं, वीतभर उंचीचं, पांढऱ्या बारीक फुलांचं हे तण. दिसायला गोड. स्वतःची मुळं नावापुरती, ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचंच शोषतं. जमिनीच्या वर डोकं काढतं तेव्हा खाली महिनाभर जेवून झालेलं असतं. ज्वारी खुरटते, पानं करपल्यासारखी होतात, लोक म्हणतात पाणी कमी पडलं. आणि बी एवढं बारीक, की तपकिरीची चिमूट वाटावी.

अनंतराव कळंबकडचे. पिंपरीत एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला आले आणि इथलेच झाले. लहानपणी वडिलांच्या ज्वारीत टारफुला उपटायचं काम त्यांच्याकडे असे, आणि उपटून उपटून ते त्या तणाच्या नादी लागले. इतरांना क्रिकेटचं वेड असतं तसं त्यांना या बियांचं. कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे चार सूक्ष्मदर्शक आणि एक बंद पडलेला फ्रिज. बाकी सगळं ते घरातच करत. आमची लग्नं एका वर्षाच्या अंतराने झाली. मी भोसरीच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. येणारा प्रत्येक जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, मापाच्या गेजमध्ये घालायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल रंगाचा पट्टा मारून बाजूला टाकायचा. तीस-पस्तीस वर्षं मी हेच केलं. त्यावरून अनंतराव मला चिडवायचे. "साडूभाऊ, तुमचं बरं आहे. तुमच्या जॉबमधला दोष झोपत नाही. तो सोमवारी असतो तसाच शनिवारी असतो." मी म्हणायचो, "आणि तुमचं बी कसलं आहे, रात्रपाळीचं?" यावर ते खरंच खूश व्हायचे आणि मग तासभर सुटका नसायची.

त्या तासा-तासांतून मला जे समजलं ते असं. टारफुल्याचं ताजं बी लगेच उगवत नाही. त्याला आधी एक उन्हाळा कोरडं पडून राहावं लागतं. मग पाऊस आला की आठ-पंधरा दिवस ओल आणि ऊब दोन्ही मिळाली पाहिजेत. एवढं होऊनही ते उठत नाही. अगदी जवळ, बोटाच्या पेरभर अंतरावर, ज्वारीचं मूळ यावं लागतं. त्या मुळातून जे पाझरतं ते लागलं, तरच बी जागं होतं. नाहीतर पडून राहतं, वर्षानुवर्षं, दहा, पंधरा, त्याहूनही जास्त. पाऊस सतत लागून राहिला आणि माती फार दिवस चिंब राहिली, तर जागं व्हायला आलेलं बी पुन्हा झोपी जातं. थंडीत उठत नाही. रानात भरपूर खत पडत असेल तर ज्वारीचं मूळच ते पाझरणं कमी करतं, मग बी असूनही दिसत नाही. चवळीच्या किंवा भुईमुगाच्या मुळाने ते फसतं, उठतं, आणि चिकटायला जागा न मिळून मरतं. अनंतरावांना ही फसवणूक फार आवडायची. एकदा माझा धाकटा भाऊ बबन त्यांना म्हणाला, "सर, गवताला बी घड्याळ असतं व्हय?" त्यावर ते म्हणाले, "घड्याळ नाही, बबनराव. त्याला कान असतात."

आमची जमीन निघोज्याला. एक-एक करत शेजारची रानं कंपन्यांना गेली, तशी आमचीही गेली. बबन शेतीतलाच माणूस, त्याला दुसरं काही करायचं नव्हतं. म्हणून आम्ही राजगुरुनगरच्या पुढे, माळाच्या बाजूला, दुसरी जमीन घेतली. ती हलकी, मुरमाड. त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. जमीन गेलेली आमच्याकडची बरीच घरं त्या दिवसांत एक गोष्ट करत होती, तीच आम्हीही केली. कंपनीच्या ताब्यात रान जाण्याआधी त्यावरची वीतभर काळी माती खरवडून काढली आणि डंपरने नव्या जमिनीवर नेऊन पसरली. जमीन त्यांची झाली तरी माती आमची होती. आज्याने, बापाने शेण घालून घालून ती केली होती. ती कंपनीच्या फरशीखाली गाडायची, हे बबनला सोसत नव्हतं, आणि मलाही. डंपर निघाला तेव्हा बबनने मूठभर माती कपाळाला लावली. मला ते बरं वाटलं होतं.

अनंतराव डंपर ठरवण्याच्या आधी येऊन गेले होते. त्यांनी बबनला विचारलं, पूर्वी इथं ज्वारी असायची का. असायची, आमच्या लहानपणी. टारफुला? असायचा तेव्हा. मग कांदा-बटाटा सुरू झाला, खतं आली, आणि तो गेला. "गेला नाही," अनंतराव म्हणाले. "त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं." त्यांनी रानाच्या वेगवेगळ्या जागची माती पिशव्यांत भरून घेतली आणि मला सांगितलं, एक पावसाळा थांबा. मी कुंड्यांत ज्वारी लावून बघतो, मग न्या. मी म्हणालो, कंपनी पावसाळ्यापर्यंत थांबणार नाही. ते म्हणाले, "मग राहू द्या इथंच. माती करता येईल पुन्हा." मी हसलो. सगळं रान माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ होतं. मी आयुष्यभर डोळ्यांना दिसेल त्यावर सही करत आलेलो माणूस.

नव्या गावात आमचे शेजारी सोपानराव. बांधाला बांध, आणि बबनच्या रानाला पाणी त्यांच्याच विहिरीचं. माती उरत होती, म्हणून बबनने त्यांनाही दिली, शेजारधर्म म्हणून. डंपर त्यांच्या बांधावर उभा असताना सोपानरावांनी मला सहज विचारलं, "तात्या, माती चांगली हाय नव्हं? तण-बिण?" आणि मी म्हणालो, "आमचे साडू त्यातले सर आहेत. त्यांनी माती पास केलीय."

हे वाक्य माझं आहे. अनंतरावांनी असं कधीही म्हटलं नव्हतं. ते उलट म्हणाले होते. एवढं एकच वाक्य दुरुस्त करण्यासाठी मी हा लेख लिहितो आहे, आणि ते दुरुस्त होणार नाही हे मला माहीत आहे. का, ते पुढे येईल.

पहिल्या वर्षी त्या माळावर पाऊस उघडलाच नाही. ज्वारी कशीबशी आली, पण टारफुला एकही नाही. गावात आमच्या मातीचं नाव झालं. मी फोन करून अनंतरावांना सांगितलं, थोडं टोचूनच. ते म्हणाले, "पाऊस लागून होता ना? मग परत झोपलं असेल." मी मालनला म्हणालो, या माणसाला काही चांगलं झालेलं बघवत नाही. दुसऱ्या वर्षी मृगात दोन-तीन बरे पाऊस झाले आणि मग ओढ दिली. ऊन, ऊब, मातीत बेताची ओल. श्रावण संपता संपता आमच्या आणि सोपानरावांच्या ज्वारीत ओळीने पांढरी फुलं उभी राहिली. जिथे जिथे निघोज्याची माती पसरली होती, बरोबर तिथे. बांधावरून बघितलं तर डंपर कुठून कुठवर गेला ते दिसत होतं.

अनंतराव स्कूटर घेऊन आले. सोपानराव, बबन, मी, असे आम्ही बांधावर उभे होतो. सोपानराव रागावलेले नव्हते, ते गोंधळलेले होते. ते म्हणाले, "सर, तुमी तर माती बघितली व्हती." अनंतरावांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात मुलाला उत्तर येतंय हे माहीत असताना मास्तर जसे थांबतात, तसे ते थांबले. मी खाली चपलेकडे बघत राहिलो. बबनला पाणी द्यायचं बंद करतील, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आणि दुसरंही होतं. त्या गावात लोक नुकतेच मला मान देऊ लागले होते, भांडण मिटवायला बोलवत होते, तात्यांचा शब्द म्हणत होते. मग अनंतराव म्हणाले, "बघितली होती."

त्या दिवसापासून ते त्या गावात खोटे पडले. एका माणसाचं नाव गेलं, एवढंच असतं तरी कदाचित मी स्वतःची समजूत घातली असती. पण तसं नव्हतं. टारफुल्यावर जे करायचं ते फूल यायच्या आत करायचं असतं, आणि ते कसं करायचं हे त्या पंचक्रोशीत एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याचं आता कुणी ऐकणार नव्हतं. आमच्या रानात त्यांनी बबनकडून चवळी लावून घेतली, भुईमूग घ्यायला लावला, आणि उरलेलं दर रविवारी स्वतः वाकून उपटलं, पोत्यात भरलं, जाळलं. बबनचं रान दोन-तीन वर्षांत निवळायला लागलं. पण सोपानरावांचं रान वरच्या अंगाला. तिथे फुलं पिकायची, बी वाऱ्याबरोबर आणि पाण्याबरोबर खाली यायचं, आणि बबनचं रान पुन्हा होतं तसं. अनंतराव त्यांच्या बांधाशी जाऊन उभे राहिले की सोपानरावांचा मोठा मुलगा म्हणायचा, "आता आनि काय पास करायचं ऱ्हायलंय, सर?" गावातली पोरं त्यांना गवताचे डॉक्टर म्हणायची. ते हसून सोडून द्यायचे. सोपानरावांनी ज्वारीवर ज्वारी घेतली, कारण बैलांना कडबा हवा होता. मग त्यांच्या वरचा शेजारी, मग त्याचा चुलता... तण चढत गेलं.

एका मृगाच्या तोंडावर अनंतराव मला म्हणाले, "साडूभाऊ, एकदा सांगा त्यांना. माझ्या नावाचं जाऊ द्या. मला त्यांच्या बांधाच्या आत जाऊ दिलं पाहिजे, फूल यायच्या आत." मी म्हणालो, सांगतो. पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनी विचारलं, सांगितलं का? मी म्हणालो, या वेळी सोपानरावांच्या घरी लग्न आहे, ते उरकू दे. त्याच्या पुढच्या वर्षी बबनने स्वतःची बोअर घेतली, पाण्याची अडचण संपली, आणि तरी मी सांगितलं नाही. एव्हाना कारण लागत नव्हतं. उशीर झाला होता, आणि उशीर झाला म्हणून आणखी उशीर करत होतो. दर वर्षी ते विचारत, दर वर्षी मी सांगतो म्हणत असे, आणि दर वर्षी जमिनीत नवं बी पडत असे, येणाऱ्या पंधरा वर्षांसाठी.

अनंतरावांचा दहावा देहूला इंद्रायणीकाठी झाला. त्या गावातून एकटा बबन आला होता. तेरावं झाल्यावर, घटस्थापनेच्या आसपास, मी एसटी धरून सोपानरावांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते, खूप थकलेले. त्यांचा मुलगा घरात नव्हता. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. सर थांबा म्हणाले होते, पास केलीय हे माझं खोटं, त्या दिवशी बांधावर मी गप्प राहिलो, आणि सर मला सांभाळून घेत राहिले. सोपानरावांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "बसा, तात्या." मी बसलो. मग ते सांगायला लागले.

यंदा पेरणीच्या आधी अनंतराव एकटेच त्यांच्याकडे आले होते. याच ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, की माती बघण्यात माझी चूक झाली, मी तुमची माफी मागतो, पण मला आता रानात येऊ द्या. सोपानरावांच्या मुलाने त्यांना बोलून घालवून दिलं. जाताना ते पुन्हा म्हणाले, चूक माझी, तात्यांवर राग धरू नका.

मी म्हणालो, "सोपानराव, ते खोटं बोलले. तुमच्या रानात येता यावं म्हणून बोलले."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मरायला टेकलेला मानूस खोटं कशाला बोलंल, तात्या? तुमी मेलेल्याचं वझं आपल्या डोक्यावर घ्यायला आलाय, मला काय कळंना व्हय? लई मोठं मन हाय तुमचं."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. मालनची घेतली. ते मान हलवत राहिले, कौतुकाने. तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली, तर तिलाही त्यांनी सांगितलं, बघ, साडूसाठी मानूस काय करतो. तिने डोक्यावरचा पदर सारखा करून वाकून मला नमस्कार केला.

तिथून मी रानाकडे गेलो. ओढ दिलेलं वर्ष, अनंतराव म्हणाले होते तसंच झालं होतं. सोपानरावांच्या ज्वारीपेक्षा टारफुला जास्त होता. वाटलं, निदान आता तरी वाकून उपटावं, आता अडवणारं कुणी नव्हतं. एक रोप धरलं, तर वरची बोंडं केव्हाच उकललेली होती आणि बोटांवर तांबूस पूड आली. आता उपटणं म्हणजे पेरणं. मी ते सोडून दिलं आणि बांधावरच बसून राहिलो.

गेल्या आठवड्यात मी आणि मालन संत तुकाराम नगरला गेलो होतो. शालन मागच्या गॅलरीत एका वेगळ्या बादलीत अनंतरावांची रानात घालायची विजार धूत होती. ती कधी घरच्या कपड्यांत मिसळायची नाही, दुमडीत बी असतं, धुतलेलं पाणी फडक्यातून गाळायचं, फडकं वाळवून जाळायचं, पाणी सुटं ओतायचं नाही, हा त्यांचा नियम. ते असतानाचं शेवटचं धुणं राहिलं होतं म्हणून ती आता करत होती. मालन आत गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं, तिला तरी कळावं म्हणून. ती फडकं पिळत ऐकत होती. तिला काहीच नवं नव्हतं.

"दर मृगाला म्हणायचे," ती म्हणाली, "यंदा साडूभाऊ सांगतील." फडकं तिने गजावर पसरलं, त्याच्या चारी कडा सरळ केल्या. "यंदाच्या मृगाला मात्र काही म्हणाले नाहीत. सकाळीच एसटीने कुठंतरी जाऊन आले आणि जेवले नाहीत."

मग तिने मला विचारलं, विजार कुणाला द्यायची नाही असं ते सांगून गेलेत, तर आता हिचं करायचं काय. ती विजार अजून तिथेच आहे, गॅलरीच्या टोकाला, बाकीच्या कपड्यांपासून लांब, एकटी वाळत घातलेली.